पालेभाजीतली मऊ सड: जिवाणू ओळखायचा कसा, वावरापासून प्रयोगशाळेपर्यंत

संध्याकाळी तोडून बांधलेली पालकाची जुडी पहाटे हर्रासात उघडावी आणि मधली पाने हाताला चिकटावीत. पत्ताकोबीचा गड्डा वरून घट्ट दिसावा आणि दांड्याजवळ दाबताच बोट आत जावे. सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) पेंढीतून तपकिरी पाणी गळावे. जुलै ते ऑक्टोबरच्या दमट दिवसांत विदर्भात भाजी पिकवणाऱ्यांना हे रोजचे आहे. या सगळ्याला आपण सरसकट ‘सड’ म्हणतो आणि कृषी केंद्रातून बुरशीनाशकाची पुडी घेऊन येतो. सड बुरशीची नसेल तर ते पैसे गेले. जिवाणूची असेल तरी कोणत्या जिवाणूची, यावर पुढचे ठरते: माल थंड जागी ठेवून वाचेल का, दोष धुण्याच्या पाण्यात आहे की ओलिताच्या, आणि तोच वाफा पुन्हा भाजीला घ्यावा का.

हा लेख दोन टप्प्यांत वापरता येतो. वावरातली पारख, नमुना आणि बटाट्याची चाचणी शेतकरी स्वतः करू शकतो. त्यापुढचे काम कृषी महाविद्यालय, कृषी विज्ञान केंद्र किंवा तालुक्याच्या विज्ञान महाविद्यालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या साध्या प्रयोगशाळेत होते. महागडे यंत्र अगदी शेवटी लागते आणि बहुतेक वेळा त्याच्या आधीच उत्तर मिळालेले असते.

सडवतो कोण आणि कसा

वनस्पतीच्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या पेक्टिनमुळे. विटांच्या भिंतीत गाऱ्याचे जे काम, तेच पानात पेक्टिनचे. मऊ सड करणारे जिवाणू पेक्टिन विरघळवणारी विकरे (एन्झाइम) बाहेर सोडतात. गारा विरघळला की विटा सुट्या होतात, पेशी फुटतात, आतला रस बाहेर येतो आणि त्याच रसावर जिवाणू वाढतो. म्हणून सड ओली, बुळबुळीत आणि पसरणारी असते.

हे जिवाणू संख्येने थोडे असताना जवळपास गप्प बसतात. एकमेकांनी सोडलेल्या रासायनिक खुणांवरून त्यांना गर्दीचा अंदाज येतो आणि पुरेशी गर्दी झाली की सगळे मिळून विकरे सोडतात. रात्री ठीक दिसणारा माल सकाळी चिखल होतो तो यामुळे. निरोगी दिसणाऱ्या पानातही जिवाणू असू शकतात, हेही यातूनच येते. पुढे चाचण्यांत वारंवार ‘ताळा’ (तुलनेसाठी निरोगी झाड किंवा नुसते पाणी) ठेवायला सांगितले आहे, त्याचे कारण हेच.

पालेभाजीत मुख्यतः चार गटांशी गाठ पडते. पहिला आणि सर्वांत जास्त भेटणारा पेक्टोबॅक्टेरियम कॅरोटोव्होरम. जुन्या पुस्तकांत आणि औषधांच्या लेबलांवर हाच ‘अर्विनिया कॅरोटोव्होरा’ म्हणून दिसतो. १९०१ मध्ये अमेरिकेत जोन्स यांनी त्याचे वर्णन गाजराच्या सडीवरून केले, म्हणून नावात गाजर आहे. गाजरापुरता तो मुळीच मर्यादित नाही. दुसरा डिकेया, जो २००५ पर्यंत ‘अर्विनिया क्रिसँथेमी’ या नावाने ओळखला जाई. त्याला उष्णता जास्त मानवते. तिसरा गट चकाकणाऱ्या स्यूडोमोनासचा: मार्जिनॅलिस आणि व्हिरिडिफ्लाव्हा. चौथा बॅसिलस आणि त्याचे भाऊबंद. हे बहुतेक वेळा आधीच मेलेल्या भागावर मागाहून येतात, पण बंद प्लास्टिकमध्ये गरम झालेल्या मालात स्वतःही सडवतात.

पहिली पायरी: वावरात ही जिवाणूचीच सड आहे का?

पाहणी सकाळी दव असताना करू नका. दवात निरोगी पानही पाणचट दिसते. दव उतरल्यावर, ऊन चढण्याआधी वावरात जा आणि सडलेले झाड न पाहता नुकतेच बिघडू लागलेले झाड शोधा.

जिवाणूच्या मऊ सडीत आधी पानाच्या देठावर किंवा शिरेवर काचेसारखा पाणचट डाग येतो. डागाची कड स्पष्ट नसते, आसपास पिवळे वलय नसते. बोटाने हलके दाबले की वरची साल सरकते आणि खालचा भाग लोण्यासारखा लागतो. पालक आणि चवळाईत सुरुवात बहुधा जमिनीलगतच्या देठापासून होते, पत्ताकोबीत दांड्याच्या कापापासून किंवा खालच्या पानाच्या बुडापासून.

वासावर विसंबू नका. ताज्या सडीला फारसा वास नसतो. घाणेरडा वास नंतर आलेल्या इतर जिवाणूंचा असतो. वास जितका उग्र, तितका तो नमुना ओळखीच्या कामाचा नाही.

सारखी दिसणारी इतर दुखणी अशी वेगळी काढा. कोबीच्या पानाच्या कडेपासून आत येणारा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा पिवळा डाग आणि त्यातल्या काळ्या शिरा म्हणजे काळी कूज. ती झँथोमोनास कँपेस्ट्रिस या दुसऱ्याच जिवाणूची, कोरडी आणि सावकाश. मात्र काळ्या कुजीने उघडलेल्या दारातून मऊ सड आत शिरते, आणि एकाच गड्ड्यात दोन्ही सापडतात. शिरा कापून आत काळे वलय आहे का, ते न चुकता पाहा, नाहीतर मूळ रोग सुटतो आणि पुढच्या वर्षी त्याच बियाण्यातून परत येतो. हिवाळ्यात पांढऱ्या कापसासारखी वाढ आणि तिच्यात मोहरीपासून उंदराच्या लेंडीएवढे काळे कठीण दाणे दिसले तर ती स्क्लेरोटिनिया बुरशी. रोपवाटिकेत कोवळी रोपे जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडत असतील तर आधी रोप कोलमड करणाऱ्या बुरशींचा संशय धरा. कोबीच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी आणि कागदी झाल्या असतील तर ती कॅल्शियमची कमतरता. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात खाऱ्या पाण्यानेही पानांच्या कडा करपतात, पण ती करप कुरकुरीत लागते, लिबलिबीत नाही.

संशय राहिला तर डबीची चाचणी करा. झाकणाच्या पारदर्शक डबीत ओला करून पिळलेला कागद अंथरा, त्यावर काडेपेटीच्या दोन काड्या आडव्या ठेवा आणि काड्यांवर डागाच्या कडेचा तुकडा ठेवा, म्हणजे तो पाण्यात बुडणार नाही. झाकण लावून सावलीत २४ ते ४८ तास ठेवा. बुरशी असेल तर धागे, कापूस किंवा पूड दिसते. जिवाणू असतील तर धाग्यांशिवाय तुकडा चिकट होऊन पसरतो. हातात फोल्डस्कोपसारखा कागदी सूक्ष्मदर्शक असेल तर बुरशीचे धागे त्यात दिसतात. जिवाणू नीट दिसायला मात्र तो पुरा पडत नाही, म्हणून ‘धागे दिसले नाहीत’ एवढेच त्यातून घ्या.

काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात देठ सोडायचा आणि दुधाळ धार येते का पाहायचे, ही टोमॅटो-वांग्याच्या जिवाणू मर रोगासाठी चांगली चाचणी आहे. मऊ सडीत ती फसवते, कारण फुटलेल्या पेशींचा गाळही पाणी गढूळ करतो. इथे तिच्यावर निर्णय घेऊ नका.

दुसरी पायरी: नमुना काठावरून घ्या

ओळख चुकते ती बहुतेक वेळा इथेच. सर्वांत सडलेला भाग उचलून पाठवला जातो आणि प्रयोगशाळेत त्यातून हवे तेवढे जिवाणू वाढतात, फक्त सडवणारा मूळ जिवाणू त्या गर्दीत हरवलेला असतो. खरा अपराधी सडीच्या पुढच्या काठावर असतो, जिथे निरोगी हिरवा भाग आणि पाणचट भाग एकमेकांना भिडतात. तुकडा असा कापा की अर्धा भाग निरोगी आणि अर्धा पाणचट येईल.

वाफ्याच्या वेगवेगळ्या जागांहून सुरुवातीच्या अवस्थेतली निदान पाच झाडे घ्या. शक्य तिथे अख्खे झाड मुळांसकट, माती झटकून. एक पूर्ण निरोगी झाड वेगळ्या पिशवीत ताळ्यासाठी. तांबेयुक्त औषध नुकतेच फवारले असेल तर नमुन्यातून जिवाणू वाढणार नाही, नवी लक्षणे दिसेपर्यंत थांबा.

प्रत्येक झाड कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळा, मग सैल बांधलेल्या पिशवीत ठेवा. ओल्या फडक्यात किंवा तोंड घट्ट बांधलेल्या प्लास्टिकमध्ये ठेवलेला नमुना दोन तासांत वाफाळतो आणि बॅसिलससारखे पाहुणे माजतात. एप्रिल-मे मध्ये तर दुचाकीच्या डिकीत नमुना ठेवूच नका. थर्मोकोलच्या डब्यात तळाशी बर्फाची बाटली, वर कागदाचा जाड थर, त्यावर नमुना, असे न्या. नमुन्याला बर्फ लागू देऊ नका, गोठलेल्या पानाच्या पेशी फुटतात. २४ तासांत पोहोचवा. उशीर होणार असेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा.

सोबत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी द्या, शाई ओलाव्याने पसरते. गाव, पीक आणि जात, पेरणी किंवा लागवडीची तारीख, मातीचा प्रकार, पाणी विहिरीचे की बोअरचे की बोडीचे, गेल्या आठ दिवसांत पाऊस किंवा गारपीट झाली का, शेवटची फवारणी कोणती, शेवटचा युरिया कधी दिला, आणि सड वावरात दिसली की तोडणीनंतर. यातले शेवटचे वाक्य प्रयोगशाळेला फार उपयोगी पडते. वावरात निरोगी असलेला आणि जुडी धुतल्यानंतर सडलेला माल लगेच धुण्याच्या हौदाकडे बोट दाखवतो. अशा वेळी हौदातले अर्धा लिटर पाणीही उकळून घेतलेल्या बाटलीत न्या.

तिसरी पायरी: बटाट्याची चकती

ही चाचणी स्वच्छ ओट्यावर घरीही होते. पेक्टिन विरघळवण्याची ताकद ती थेट दाखवते.

डाग नसलेला कडक बटाटा घासून धुवा. घरगुती ४ टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटचा एक भाग आणि पाण्याचे तीन भाग मिसळले की १ टक्क्याचे द्रावण होते. त्यात बटाटा १० मिनिटे बुडवा, उकळून गार केलेल्या पाण्याने तीनदा धुवा, सोला. स्पिरिटने पुसून ज्योतीवरून फिरवलेल्या सुरीने ७ ते ८ मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा. उकळलेल्या डबीत ओल्या कागदावर सहा चकत्या मांडा.

नमुन्याच्या काठाचा तुकडा त्याच १ टक्क्याच्या द्रावणात ३० सेकंद, देठ जाड असेल तर एक मिनिट बुडवून तीनदा धुवा. मग उकळून गार केलेल्या चमचाभर पाण्यात चेचा आणि १५ मिनिटे ठेवा. तीन चकत्यांच्या मध्यभागी सुईने लहान खळगा करून या पाण्याचा एकेक थेंब सोडा. दोन चकत्यांवर तसाच खळगा करून नुसते उकळलेले पाणी. सहाव्या चकतीवर निरोगी झाडाचे पाणी.

२४ तासांनी काडीने टोकरून पाहा. नमुन्याच्या चकत्या खळग्याभोवती मऊ, मलईसारख्या आणि काडीने उचलता येतील अशा झाल्या, आणि पाण्याच्या चकत्या कडक राहिल्या, तर मऊ सडीचा जिवाणू आहे. नुसता रंग काळवंडणे म्हणजे सड नव्हे, कापलेला बटाटा हवेनेही काळा पडतो. पाण्याच्या चकत्याही मऊ झाल्या तर निकाल रद्द. बटाट्याच्या आत पेक्टोबॅक्टेरियम पुष्कळदा लपून बसलेला असतो. दुसऱ्या ठिकाणाहून आणलेला बटाटा घेऊन पुन्हा करा. निरोगी झाडाची चकती मऊ झाली तर जिवाणू वावरभर पसरलेला आहे असे समजा, चाचणी चुकलेली नाही.

तापमान सांभाळणे हा विदर्भातला खरा प्रश्न आहे. या जिवाणूंना २७ ते ३० अंश सेल्सिअस हवे. मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर जाते, तेव्हा डबी मोठ्या माठाला टेकवून ओल्या पोत्याने झाका आणि शेजारी थर्मामीटर ठेवा. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री थर्मोकोलच्या पेटीत लहान बल्ब लावून ऊब द्या. थंडीत २४ तासांत काही दिसले नाही म्हणून नमुना फेकू नका, ७२ तास थांबा.

चौथी पायरी: जिवाणू वेगळा काढणे

आता प्रयोगशाळा. नुसत्या बटाट्यावरून जात कळत नाही, त्यासाठी एकाच पेशीपासून वाढलेली शुद्ध वसाहत हवी.

पोषक आगर (जिवाणू वाढवायचे जेलीसारखे माध्यम) सोपे: एक लिटर पाण्यात पेप्टोन ५ ग्रॅम, बीफ एक्स्ट्रॅक्ट ३ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, आगर १५ ग्रॅम, सामू ७ च्या आसपास. १२१ अंशांना १५ मिनिटे निर्जंतुक करा. ऑटोक्लेव्ह नसेल तर शिटी धरणाऱ्या प्रेशर कुकरमध्ये लहान बाटल्या भरून, दाब आल्यावर मंद आचेवर २० ते २५ मिनिटे. मोठी बाटली मध्यापर्यंत तापत नाही, म्हणून एका बाटलीत १०० मिलीपेक्षा जास्त भरू नका.

काठाचा ५ मिलिमीटरचा तुकडा वर सांगितल्याप्रमाणे धुऊन निर्जंतुक पाण्याच्या काही थेंबांत चेचा, १५ मिनिटे थांबा आणि लूपने (तारेच्या कडीने) पोषक आगराच्या प्लेटीवर रेघा ओढा. हायपोक्लोराइटमध्ये पातळ पान जास्त वेळ राहिले तर ते आत मुरते आणि ज्याला शोधायचे तोच मरतो. ‘काहीच वाढले नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हे कारण असते. नमुना जुना असेल तर चेचलेले पाणी शंभरपट आणि हजारपट पातळ करून वेगवेगळ्या प्लेटींवर पसरा.

शक्य असेल तर सोबत क्रिस्टल व्हायोलेट पेक्टेट माध्यमाची प्लेट घ्या, हे माध्यम तयार पूड म्हणूनही मिळते. त्यात पेक्टेट कॅल्शियमने घट्ट केलेले असते आणि जांभळा रंग बॅसिलससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंना रोखतो (पेशीभिंतीवरून जिवाणूंचे ग्रॅम-पॉझिटिव्ह आणि ग्रॅम-निगेटिव्ह असे दोन मोठे गट पडतात). पेक्टिन विरघळवणारी वसाहत स्वतःच्या खाली खड्डा पाडते. पेक्टोबॅक्टेरियम आणि डिकेया २४ ते ४८ तासांत पेल्यासारखा खोल खड्डा करतात, स्यूडोमोनासचा खड्डा साधारण उथळ असतो. प्लेट ओली असेल तर वसाहती एकमेकींत वाहतात आणि खड्डा कोणाचा ते कळत नाही, त्यामुळे ओतल्यानंतर प्लेटी पुरेशा सुकवून घ्या. पेक्टेट मिळत नसेल तर मऊ पडलेल्या बटाटा चकतीच्या काठावरून पोषक आगरावर रेघा ओढा. बटाटा इथे गाळणीचे काम करतो.

खड्ड्यातली वसाहत शुद्ध आहे असे गृहीत धरू नका. पोषक आगरावर दोनदा, शक्यतो तीनदा एकेरी वसाहत उचलून पुन्हा रेघा ओढा. मग प्रत्येक शुद्ध वसाहत बटाट्यावर परत तपासा. पालेभाजीवर निरुपद्रवी जिवाणू इतके असतात की बटाट्यावर नापास झालेल्या वसाहतीवर पुढचे रसायन खर्च करणे वायाच.

पाचवी पायरी: गट ओळखणाऱ्या चाचण्या

१८ ते २४ तासांची ताजी वाढ घ्या. जुनी वाढ ग्रॅम रंग धरत नाही.

पोटॅशियम हायड्रॉक्साइडची चाचणी एका मिनिटात होते. ३ टक्क्यांच्या द्रावणाचा थेंब काचपट्टीवर घ्या, वसाहत त्यात ३० सेकंद घोळवा आणि काडी हळू वर उचला. शेवयासारखा चिकट धागा एक-दोन सेंटिमीटर वर आला तर जिवाणू ग्रॅम-निगेटिव्ह: पेक्टोबॅक्टेरियम, डिकेया किंवा स्यूडोमोनास. धागा आला नाही तर बॅसिलसचा संशय. तेव्हा वाढीचे द्रावण ८० अंशांना १० मिनिटे ठेवून पुन्हा आगरावर टाका. बीजाणू बनवणारा बॅसिलस यातून जगतो, बाकीचे मरतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण जुने झाले की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कमजोर पडते आणि धागा येत नाही. दर महिन्याला ताजे करा.

पुढे ऑक्सिडेज या विकराची चाचणी. गाळण कागदावर टेट्रामिथाइल पॅराफिनिलीन डायअमीनचे १ टक्क्याचे ताजे द्रावण टाकून त्यावर लाकडी टूथपिकने वसाहत घासा. १० सेकंदांत गडद जांभळा रंग आला तर पॉझिटिव्ह. निक्रोमची तार वापरू नका, धातूमुळे खोटा रंग येतो. ग्लुकोज असलेल्या माध्यमावरची वसाहतही घेऊ नका. पेक्टोबॅक्टेरियम आणि डिकेया निगेटिव्ह, स्यूडोमोनास मार्जिनॅलिस पॉझिटिव्ह.

इथे एक सापळा आहे. स्यूडोमोनास व्हिरिडिफ्लाव्हासुद्धा ऑक्सिडेज-निगेटिव्ह असतो. फक्त ऑक्सिडेज पाहून ‘पेक्टोबॅक्टेरियम’ लिहिले की हा निसटतो. त्यासाठी दोन चाचण्या जोडा.

किंग बी आगर: एक लिटरला प्रोटिओज पेप्टोन २० ग्रॅम, ग्लिसरॉल १० मिली, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट १.५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट १.५ ग्रॅम, आगर १५ ग्रॅम, सामू ७.२. ४८ तासांनी अंधारात अतिनील दिव्याखाली धरा. चकाकणाऱ्या स्यूडोमोनासच्या भोवती निळसर-हिरवी चमक दिसते. मात्र पानांवर राहणारे निरुपद्रवी स्यूडोमोनासही असेच चमकतात. चमक म्हणजे गट कळला, गुन्हा सिद्ध झाला नाही. तो बटाट्यानेच ठरवायचा.

ह्यू-लीफसन माध्यम: एक लिटरला पेप्टोन २ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट ०.३ ग्रॅम, ग्लुकोज १० ग्रॅम, आगर ३ ग्रॅम, ब्रोमोथायमॉल ब्लू ०.०३ ग्रॅम, सामू ७.१. एकाच जिवाणूच्या दोन नळ्या भरा आणि एकीवर निर्जंतुक लिक्विड पॅराफिनचा सेंटिमीटरभर थर द्या. हिरवा रंग दोन्ही नळ्यांत पिवळा झाला तर जिवाणू हवेशिवायही साखर आंबवतो, म्हणजे पेक्टोबॅक्टेरियम किंवा डिकेया. फक्त उघडी नळी पिवळी झाली तर स्यूडोमोनास. नळ्या वापरण्याआधी उकळत्या पाण्यात १० मिनिटे ठेवून गार करा, नाहीतर माध्यमात विरघळलेली हवा निकाल बिघडवते.

सहावी पायरी: पेक्टोबॅक्टेरियम की डिकेया

आंबवणारा, ऑक्सिडेज-निगेटिव्ह आणि बटाटा सडवणारा जिवाणू मिळाला की हा प्रश्न उरतो. चार चाचण्या एकत्र लावा, एकीवर थांबू नका.

एरिथ्रोमायसिनची १५ मायक्रोग्रॅमची चकती: डिकेयाभोवती स्वच्छ मोकळे वर्तुळ पडते, पेक्टोबॅक्टेरियम चकतीच्या जवळपर्यंत वाढतो. इंडोल: १ टक्का ट्रिप्टोनच्या द्रावणात ४८ तास वाढवून कोव्हॅक्सचे रसायन टाका, वर लाल कडे आले तर डिकेया, पिवळे राहिले तर पेक्टोबॅक्टेरियम. ३९ अंशांना पोषक आगरावर डिकेया वाढतो, पेक्टोबॅक्टेरियम सहसा नाही. इथे इन्क्युबेटरच्या काट्यावर विश्वास न ठेवता आत पाण्याच्या बाटलीत बुडवलेला थर्मामीटर वाचा, दोन अंशांची चूक निकाल उलटवते. भारनियमनात वीज गेली असेल तर ही चाचणी पुन्हा करा. चौथी चाचणी ५ टक्के मिठाची: पेक्टोबॅक्टेरियम कॅरोटोव्होरम त्यात वाढतो, डिकेया बहुधा वाढत नाही.

चारपैकी तीन निकाल एका बाजूला गेले तर वंश लिहा. दोन-दोन झाले तर वसाहत शुद्ध नाही असे समजून चौथ्या पायरीवर परत जा.

सातवी पायरी: झाडावर परत

ज्या भाजीतून जिवाणू काढला, त्याच भाजीच्या निरोगी झाडावर तो सड आणतो का, हे दाखवल्याशिवाय अहवाल पुरा होत नाही. २४ तासांची वाढ निर्जंतुक पाण्यात मिसळून मॅकफार्लंड या गढूळपणाच्या मापावर ०.५ एवढी गढूळ करा, म्हणजे मिलीमध्ये साधारण दहा कोटी जिवाणू होतात. त्याचेच शंभरपट पातळ द्रावणही करा. अतिदाट द्रावणाने कमजोर जिवाणूही पान बिघडवतो. पातळ द्रावणाने सड आली तर तो खरा.

कुंडीतल्या पाच झाडांच्या देठावर सुईने टोचून १० मायक्रोलिटरचा थेंब द्या, पाच झाडांना तशीच जखम करून नुसते पाणी. आतून पाणी शिंपडलेली प्लास्टिकची पिशवी २४ ते ४८ तास घाला आणि २८ ते ३० अंशांना सावलीत ठेवा. उन्हात पिशवीखाली झाड उकडते आणि उकडलेले पान सडल्यासारखेच दिसते. सड आल्यावर काठावरून पुन्हा जिवाणू काढा आणि ऑक्सिडेज, आंबवण्याची आणि एरिथ्रोमायसिनची चाचणी जुळते का पाहा.

पीसीआरची (जिवाणूच्या डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून पाहण्याची) सोय असेल तर शुद्ध वसाहत १०० मायक्रोलिटर पाण्यात ९५ अंशांना १० मिनिटे उकळा, हा अर्कच पुरतो. पेक्टोबॅक्टेरियमसाठी वाय१ आणि वाय२ या प्रायमरांनी (तो तुकडा निवडणाऱ्या डीएनएच्या लहान धाग्यांनी) ४३४ बेस जोड्यांचा पट्टा येतो, डिकेयासाठी एडीई१ आणि एडीई२ यांनी ४२० चा. दोन्ही आकार जवळचे असल्याने एकाच नळीत दोन्ही प्रायमर टाकू नका, वेगवेगळ्या नळ्या घ्या. फक्त १६एस जनुकाचा क्रम काढून प्रजातीचे नाव लिहिण्याची घाई चालत नाही, या गटातल्या प्रजाती त्या जनुकात फार सारख्या आहेत. अशी सोय जवळ नसेल तर आधी जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्राशी किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाशी बोलून मगच नमुना पाठवा, म्हणजे तो शनिवार-रविवारी कुलपाआड पडून राहणार नाही.

नाव कळल्यावर काय बदलते

पेक्टोबॅक्टेरियम निघाला तर ओल आणि जखम या दोन गोष्टींवर काम करा. भारी काळ्या जमिनीत सपाट वाफा सोडून गादीवाफा किंवा सरी-वरंबा घ्या. तोडणीच्या आदल्या दिवशी पाणी बंद. युरियाचा शेवटचा मोठा हप्ता टाळा, त्याने पान लुसलुशीत होते आणि पेशींची भिंत पातळ राहते. कोबीवरची अळी आणि डवरणीची जखम, दोन्ही जिवाणूला दार उघडून देतात. माल १० अंशांखाली गेला की हा जिवाणू मंदावतो, म्हणून पहाटे तोडून लगेच सावलीत आणि जाळीच्या क्रेटमध्ये ठेवल्याचा फायदा दिसतो. ओल्या बारदान्यात बांधल्याने नेमके उलट होते.

डिकेया असेल तर उन्हाळी भाजी जास्त धोक्यात. बोडी, तलाव किंवा नाल्याचे पाणी थेट पानांवर देणे थांबवा, ते मुळाशी द्या.

स्यूडोमोनास मार्जिनॅलिस निघाला तर शीतगृहावर भिस्त ठेवू नका. तो ४ अंशांनाही वाढतो. इथे धुण्याचा हौद मुख्य. १०० लिटर स्वच्छ पाण्यात ४ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट २५० मिली टाकले की साधारण १०० पीपीएम क्लोरीन होते. सामू ६.५ ते ७.५ दरम्यान हवा, त्यापेक्षा जास्त असेल तर क्लोरीनची ताकद घटते. माती मिसळून पाणी गढूळ झाले की क्लोरीन मातीतच संपतो, म्हणून आधी साध्या पाण्यात चिखल काढा, मग या पाण्यात बुडवा, आणि गढूळ होताच पाणी बदला. पानात शिरलेला जिवाणू क्लोरीनने मरत नाही. एका जुडीतून दुसऱ्या जुडीत जाणारा थांबतो.

सडलेले पान ओरबाडून उरलेली जुडी विकू नका. सडीच्या रसावर माणसाच्या पोटातले रोगजंतूही चांगले वाढतात.

कोणतेही नाव निघाले तरी सडलेल्या झाडावर अँटिबायोटिक फवारून ते परत येत नाही. विरघळलेल्या पेशींत औषध पोहोचण्यासारखे काही उरलेले नसते.

काम झाल्यावर वाढलेल्या प्लेटी आणि नळ्या कुकरमध्ये ३० मिनिटे दाबाखाली ठेवून मगच धुवा. घरी केलेल्या बटाट्याच्या चकत्या आणि डबी १ टक्क्याच्या हायपोक्लोराइटमध्ये तासभर बुडवा आणि चकत्या विहिरीपासून आणि भाजीच्या वाफ्यापासून दूर, हातभर खोल खड्ड्यात पुरा. उकिरड्यावर टाकू नका. तेच खत पुढच्या हंगामात वाफ्यात येते.